घरांतील शास्त्र : जुन्या रुपयावरील डाग

दिवाळी जवळ आली, कीं घराघरांतील जुन्या पेट्या उघडतात. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडावयाचे चांदीचे रुपये आजेसासूबाईंच्या वेळच्या गांठोड्यांतून बाहेर निघतात, आणि त्यांच्यावर चढलेला काळेपणा पाहून घरांतील सुनेस किंवा लेकीस पहिली आठवण होते ती चिंचेची. मूठभर चिंच, चिमूटभर रांगोळी व थोडासा काथ्या एवढें साहित्य जमलें, कीं अर्ध्या तासांत रुपये आरशासारखे चकाकूं लागतात. पूजेस त्यानें शोभा येते यांत शंका नाहीं. परंतु अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून याच रुपयांविषयीं एक निराळा प्रश्न वारंवार विचारला जातो. “हे रुपये तज्ज्ञांकडून पारखून त्यांची प्रत ठरवून घ्यावी असें घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें आहे, पण त्यांवर डाग पडले आहेत. पाठविण्यापूर्वीं ते काढावे काय, आणि काढावे तर कशानें?” असा तो प्रश्न होय.

आमचें उत्तर आरंभींच सांगून टाकतों. डाग कशाचा आहे हें कळल्यावांचून त्यास हात लावूं नये. कळल्यावरही रुपया चोळूं म्हणून नये. आणि मनांत संशय राहिला तर तो जसा आहे तसाच पाठवावा. पण नुसता निषेध सांगून वाचकांचें समाधान होणार नाहीं, व होऊंही नये. कांहीं डाग असे आहेत कीं, ते वेळीं न काढले तर नाण्याचें नुकसान होतें. कांहीं असे कीं, ते काढूं गेल्यास नुकसान होतें. या दोहोंतला भेद ओळखतां येणें हेंच या विषयाचें सारें मर्म आहे.

प्रथम ही प्रतवारी म्हणजे काय तें पाहूं. तिचा उगम अमेरिकेंतला. विल्यम शेल्डन नांवाच्या गृहस्थानें १९४९ सालीं तिकडील जुन्या तांब्याच्या सेंटांवर एक ग्रंथ लिहिला व त्यांत नाण्याची स्थिति १ पासून ७० पर्यंतच्या आंकड्यांनीं दाखविण्याची पद्धति घातली. अगदीं झिजून ओळखूं न येणारें नाणें तें १. टांकसाळींतून बाहेर पडल्यापासून ज्यास कसलाही ओरखडा नाहीं तें ७०. व्यवहारांत न फिरलेलीं नाणीं साधारणपणें ६० च्या पुढें गणलीं जातात. पुढें १९८६ मध्यें पीसीजीएस व १९८७ मध्यें एनजीसी या संस्था निघाल्या, आणि नाणें तपासून, त्याची प्रत ठरवून, तें पारदर्शक कठीण प्लॅस्टिकच्या चपट्या डबींत कायमचें बंद करून देण्याचा धंदा जगभर पसरला. वाचकांनीं ध्यानांत ठेवावयाची गोष्ट अशी कीं, जें नाणें घासलेलें, चोळलेलें अथवा रसायनानें खरवडलेलें आढळतें, त्यास हा आंकडा बहुधा मिळतच नाहीं. त्याच्या चिठीवर नुसतें ‘खरें आहे, परंतु अयोग्य रीतीनें साफ केलेलें’ अशा अर्थाचा शेरा येतो. डागाळलेल्या नाण्यास मात्र, डाग नैसर्गिक असल्यास, आंकडा मिळतो. फार तर तो एक-दोन पायऱ्यांनीं उतरतो. म्हणजे डाग ठेवला तर थोडें जातें, आणि तो घासून काढला तर सगळेंच जातें.

आतां आपल्या रुपयाकडे वळूं. कंपनी सरकारनें १८३५ सालीं सर्व मुलखासाठीं एकसारखा रुपया सुरू केला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. आणि त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी. वैद्य मंडळी औषधाचें माप सांगतांना ‘रुपयाभार’ हा शब्द योजीत, तो याच नाण्यावरून. राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड व पांचवा जॉर्ज यांच्या कारकीर्दींत रुपयाचा कस हाच राहिला. पहिल्या महायुद्धांत रुपयांची टंचाई इतकी झाली कीं, १९१८ च्या पिटमन कायद्यानें अमेरिकेनें आपले सुमारें २७ कोटि चांदीचे डॉलर वितळविले, आणि त्यांतील बहुतेक चांदी हिंदुस्थानांत रुपये पाडण्यासाठीं आली. त्या सुमाराचे रुपये आज घरोघर सांपडतात याचें कारण हें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४० पासून, रुपयांतील चांदी निम्म्यावर आणण्यांत आली. ५० भाग चांदी, ४० भाग तांबें, व उरलेल्या दहांत निकल आणि जस्त निम्मेंनिम. १९४० ते १९४५ पर्यंतचे सहाव्या जॉर्जचे रुपये या मिश्रणाचे आहेत. हा फरक डागांच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. तांबें अधिक म्हणून या रुपयांवर तपकिरी व हिरवट डाग लौकर उठतात; आणि चिंच-लिंबाच्या आंबटाशीं गांठ पडली, कीं वरच्या थरांतील तांबें निघून जाऊन रुपया फिका, पांढुरका व निर्जीव दिसूं लागतो.

घासल्यानें नेमकें काय जातें, हा प्रश्न स्वाभाविक आहे. टांकसाळींत सांच्याचा दाब पडतो तेव्हां चांदी क्षणभर मेणासारखी पसरते, आणि मध्यापासून कांठाकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेघा तिच्यावर उमटतात. कोरा रुपया दिव्याखालीं हळूहळू फिरविला, तर चक्राच्या आऱ्यांप्रमाणें एक झळाळी त्याच्यावर फिरतांना दिसते, ती या रेघांमुळें. हीच टांकसाळी झळाळी. रांगोळी ही कांहीं झालें तरी दगडाची भुकटी, आणि चांदी तर मऊ धातु. दोन बोटांनीं रांगोळी चोळली, कीं त्या मूळच्या रेघा पुसल्या जातात व त्यांच्या जागीं केसाएवढ्या असंख्य नव्या ओरखड्या येतात. रुपया चकाकतो खरा, पण ती चकाकी भांड्याची, नाण्याची नव्हे. पारख करणाराच्या हातांत असा रुपया पडला, तर एका दिव्याखालीं तो तिरपा धरतांच त्यास सर्व इतिहास कळून चुकतो.

शिवाय नाण्यावरील उठाव किती नाजुक असतो हेंही पाहण्यासारखें आहे. पांचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगावरील झग्यावर एक इवलासा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर या हत्तीची सोंड इतकी आंखूड उमटली कीं, लोकांस तो डुकरासारखा दिसूं लागला. त्यावरून तक्रारी झाल्या, रुपये परत घेण्यांत आले, आणि १९१२ पासून सांचा बदलण्यांत आला. बाहेर राहिलेले ते थोडे रुपये आज संग्राहकांस हवेसे वाटतात. तसेंच, त्याच राजाच्या रुपयावर, वर्षाचा आंकडा असलेल्या बाजूस, खालच्या कमळाखालीं लहानसें टिंब असेल तर तो मुंबईच्या टांकसाळींतला व नसेल तर कलकत्त्याचा. हत्तीची सोंड काय आणि हें टिंब काय, दोन्ही तिळापेक्षां लहान. वर्षानुवर्षें दर दिवाळीस काथ्या फिरला तर तीं टिकणार कशीं? आपल्या रुपयाचें गांव कोणतें एवढें सांगणारें टिंब आपल्याच हातानें पुसलें जावें, यापरतें वाईट तें काय?

डाग पडतात कशानें, हें समजलें कीं ते ओळखणें सोपें होतें. चांदीचा मुख्य शत्रु गंधक. हवेंत हायड्रोजन सल्फाइड वायूचा अंश अत्यल्प असला तरी चांदी त्यास लागलीच धरते व तिच्यावर सल्फाइडचा पापुद्रा चढतो. लोंकर, रबर, अंडें, हलक्या प्रतीचा कागद व पुठ्ठा यांतही गंधक असतो. म्हणून शालीच्या घडींत ठेवलेला किंवा रबराच्या पट्टीनें बांधलेला रुपया इतरांहून लौकर काळवंडतो. दुसरा शत्रु मीठ. मग तें घामांतलें असो, कोंकणांतील खाऱ्या हवेंतलें असो, कीं नैवेद्याच्या ताटाजवळ ठेवलेल्या रुपयास लागलेलें असो. तिसरा शत्रु पाण्याचा थेंब. तो आपल्याबरोबर या दोघांनाही घेऊन येतो.

आतां डागांचे प्रकार क्रमानें सांगतों. वाचकांनीं रुपया स्वच्छ उजेडांत, एका दिव्याखालीं, पांच किंवा दहा पट मोठें दाखविणाऱ्या भिंगांतून पाहावा, आणि आपला डाग यांपैकीं कोणता तें ठरवावें.

पहिला प्रकार रंगांचा. रुपयावर कांठाकडून मध्याकडे पिवळसर, तांबूस, जांभळा, निळा अशा छटा सारख्या पसरलेल्या असतील तर तो वस्तुतः डाग नव्हे. सल्फाइडचा थर जसजसा जाड होतो, तसतसे साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग बदलत जातात, व शेवटीं काळा रंग येतो. अनेक वर्षें शांतपणें पडून राहिलेल्या नाण्यावर हे रंग येतात. पारखणारे त्यांस दोष मानीत नाहींत. रंग सुंदर असले तर उलट त्यांचें कौतुकच होतें. यास कधींही हात लावूं नये.

दुसरा प्रकार काळ्या ठिपक्यांचा. सगळा रुपया पांढरा, आणि मध्येंच मोहरीएवढे दोन-चार काळे ठिपके. हे बहुधा धुळीचा कण किंवा थुंकीचा सूक्ष्म थेंब पडून त्याच्या भोंवतीं झालेले असतात. एकत्र कुटुंबांत पेटी उघडली, कीं लहानमोठीं दहा डोकीं तिच्यावर वांकतात व सर्व एकदमच बोलूं लागतात. त्या गोड कलकलाटाची खूण पुढें महिन्यांनीं रुपयावर उमटते. म्हणून नाणें हातीं असतां बोलूं नये, असा संग्राहकांचा दंडकच आहे. या ठिपक्यांखालीं चांदी किंचित् खाल्लेली असते. सुईनें किंवा नखानें ठिपका उकरला, तर काळेपणा जाऊन तेथें खड्डा राहतो, आणि खड्डा ठिपक्याहून वाईट. म्हणून यासही घरीं हात लावूं नये.

तिसरा प्रकार हिरव्याचा, आणि यांत दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी येतात. एक हिरवा कठीण व खरखरीत असतो. तो तांब्यावर क्षारांनीं केलेला परिणाम होय, व तो चांदींत मुरलेला असतो. दुसरा हिरवा मऊ, चिकट, तेलकट असा अक्षरांच्या कडेस सांचतो. हा पीव्हीसी नांवाच्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांचा प्रसाद. असल्या पाकिटांत नाणीं घालण्याची चाल फार पसरली आहे. त्यांतील मऊपणा आणणारें द्रव्य कालांतरानें पाझरतें, व त्याबरोबर सुटणारें आम्ल नाण्यास हळूहळू खातें. हाच तो डाग, कीं ज्याची हयगय करूं नये. तो राहूं दिला तर वाढत जातो, आणि असें नाणें प्रतवारीस गेलें तर तसेंच परत येण्याचा संभव असतो. सुदैवानें तो आरंभीं असतांना निघतोही सहज. तें कसें, हें पुढें सांगतों.

चौथा प्रकार देवघरांतला. हळद, कुंकू, तूप, पंचामृत, उदबत्तीची राख यांचे थर अक्षरांच्या खांचांत बसलेले असतात. पूजेंतील दूध-दही रुपयावर वाळलें, कीं त्यांतील क्षार व आम्लता चांदीस लागतात, आणि तुपास धूळ चिकटते. हा मळ वर बसलेला असतो, आंत मुरलेला नसतो, तोंवर तो सौम्य उपायानें निघूं शकतो.

पांचवा प्रकार पांढऱ्या-करड्या डागांचा. जुन्या रुपयावर मेणासारखा करडा, उजेडांत जांभळट होणारा थर दिसला तर तो मिठापासून झालेला चांदीचा क्लोराइड. तो घरीं निघावयाचा नाहीं. धनत्रयोदशीस घेतलेल्या नव्या शुद्ध चांदीच्या नाण्यांवर मात्र कधीं कधीं दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. ते टांकसाळींतच राहिलेल्या रसायनांच्या अंशांमुळें उठतात असें मानतात, व कोणत्याही साध्या उपायानें ते जात नाहींत. मोठमोठ्या टांकसाळींनाही त्यांनीं सतावलें असून, कॅनडाच्या टांकसाळीनें २०१८ पासून आपल्या चांदीच्या मेपल लीफ नाण्यांवर यासाठीं एक विशेष प्रक्रिया सुरू केली. तेव्हां नव्या नाण्यावर असा डाग दिसला म्हणून विकणाऱ्यावर एकदम संशय घेऊं नये.

या पांचांपैकीं घरीं उपाय करण्याजोगे दोनच : मऊ हिरवा आणि देवघरांतला मळ. त्यांची रीत अशी. प्रथम रुपयाच्या दोन्ही बाजूंचें स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावें. हात साबणानें धुऊन पूर्ण कोरडे करावे, टेबलावर जाड पंचा घडी करून पसरावा, म्हणजे रुपया निसटला तरी आपटणार नाहीं. तो नेहमीं कांठास धरावा. तोंडावर बोट टेकूं नये. मग कांचेच्या वाटींत औषधांच्या दुकानीं मिळणारें ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यांत रुपया अर्धा तास भिजवावा, व पाणी एक-दोनदां बदलावें. नळाचें पाणी घेऊं नये. त्यांतील क्लोरीन व क्षार नवे डाग पाडतील. वर वर बसलेला पुष्कळ मळ येथेंच सुटतो.

पाण्यानें न सुटणारा तेलकट मळ, मऊ हिरवा व हळदीचा रंग यांसाठीं शुद्ध ॲसिटोन वापरावें. तें स्निग्ध पदार्थ विरघळवितें, पण चांदीस किंवा तिच्यावरील सल्फाइडच्या थरास लागत नाहीं. हाच त्याचा मोठा गुण. पाण्यांतून काढलेला रुपया आधीं पूर्ण कोरडा होऊं द्यावा. मग कांचेच्या दोन वाट्या घ्याव्या, पहिलींत तो दहा-पंधरा मिनिटें ठेवावा, मधून मधून उलटावा, आणि दुसऱ्या वाटींतील ताज्या ॲसिटोनांतून काढावा, म्हणजे पहिल्या वाटींत सुटलेला मळ त्यावर पुन्हां बसणार नाहीं. चोळणें अर्थातच नाहीं. बाहेर काढल्यावर तो उभा धरून हवेंत वाळूं द्यावा. टॉवेलानें पुसूं नये. एकदां गुण आला नाहीं तर पुन्हां भिजवावा. दोन-तीन वेळांनींही मळ हलला नाहीं, तर तो मळ नसून धातूस झालेली इजा आहे असें समजून तेथेंच थांबावें.

ॲसिटोनविषयीं एक इशारा कळकळीनें देणें अवश्य आहे. त्याची वाफ अत्यंत ज्वालाग्राही असते आणि ती जमिनीसरशी दूरवर पसरते. म्हणून हें काम स्वयंपाकघरांत, देवघरांतील समईजवळ किंवा पेटलेल्या उदबत्तीच्या आसपास कधींही करूं नये. उघड्या गच्चींत किंवा सज्जांत, दिवसाउजेडीं व मुलांस दूर ठेवून करावें. नखांवरील रंग काढण्याचें म्हणून जें द्रव्य बाजारांत मिळतें, त्यांत तेल व सुगंध मिसळलेले असतात. तें येथें चालणार नाहीं. प्लॅस्टिकची वाटीही घेऊं नये, कारण ॲसिटोन पुष्कळ प्लॅस्टिकें विरघळवितें, व तीच घाण नाण्यावर बसते.

जें करूं नये त्याची यादी याहून मोठी आहे. चांदी क्षणांत उजळणारीं द्रावणें दुकानांत मिळतात. त्यांत बहुधा थायोयूरिया व आम्ल असतें. सल्फाइडबरोबर चांदीचाही थर तीं नेतात. दोन-तीनदां बुडविलेल्या नाण्याची झळाळी मरून तें खडूसारखें दिसतें, आणि नीट न धुतल्यास राहिलेल्या अंशानें कालांतरानें तपकिरी डाग उठतात. अनुभवी हातांत याचा उपयोग होतो, पण तें काम शिकाऊ हाताचें नव्हे. ॲल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा व कढत पाणी हा उपाय चांदीच्या ताटवाटीस उत्तम. त्यानें सल्फाइडची पुन्हां चांदी होते. परंतु ती चांदी मूळच्या पृष्ठासारखी बसत नाहीं, व पारखणाराची नजर तें ओळखते. दंतमंजन, विभूति, लिंबू, रिठे घालून ब्रश फिरविणें, सराफाकडून चक्रावर उजळून घेणें, हीं सर्व नाण्याच्या नाशाचीं साधनें होत. अति तेथें माती, ही म्हण जणूं याच कामासाठीं झाली असावी. कांठाशीं डांकाची खूण असेल, तर तो रुपया कधीं काळीं कोणाच्या गळ्यांतील माळेंत होता असें समजावें. ती कानशीनें घासून लपवूं नये.

डाग काढण्यापेक्षां तो पडूं न देणें सोपें. रुपये पीव्हीसीच्या पाकिटांतून काढून पॉलिएस्टरच्या, निदान पीव्हीसी नसल्याची खात्री असलेल्या पाकिटांत, एकेक वेगळे ठेवावे. एकावर एक रचूं नये. एकमेकांच्या घर्षणानें ते ओरखडतात. शालींच्या पेटींत, पुस्तकांच्या कपाटांत किंवा न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतींत ते ठेवूं नयेत. डब्यांत सिलिका जेलची पुडी घालावी व पावसाळ्यांत ती बदलावी. प्रतवारीची डबीही हवाबंद नसते; म्हणून डबींत गेलेल्या रुपयासही हाच नियम लागू.

आतां दोन व्यावहारिक गोष्टी. सर्वच रुपये पाठविण्याच्या योग्यतेचे नसतात. १९१७-१८ सालचे कोट्यवधि रुपये पाडले गेले. त्यांतला हातोहात झिजलेला एखादा पाठविण्यांत फीचा पैसाही भरून येणार नाहीं. उलट, १९३९ सालचा रुपया क्वचित् सांपडतो. तो हातीं लागला तर त्यावर फुंकरही घालूं नये, सरळ जाणत्यास दाखवावा. दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तु व कलाकृतींच्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षें झालेलें नाणें पुरावस्तु ठरतें, आणि खासगी माणसास तें परदेशीं धाडतां येत नाहीं. म्हणजे १९२२ व त्यापूर्वींचा कोणताही रुपया अमेरिकेस टपालानें पाठवूं नये, मग त्याची फी भरण्यास घरांतील चिरंजीव कितीही तयार असोत. तसेंच जुना वाडा पाडतांना पायाखालीं नाणीं सांपडलीं, तर १८७८ च्या निखात निधि कायद्यानें त्यांची वर्दी कलेक्टरास द्यावी लागते. दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्यास तो कायदा लागतो. अशीं मातींतलीं नाणीं तर कोणीही धुऊं नयेत. त्यांवरील मातीचाही अभ्यास होतो. नाशिकजवळ अंजनेरी येथें डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकारानें १९८० मध्यें सुरू झालेली नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे, व मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत नाण्यांचा संग्रह व वस्तुजतनाचा विभाग आहे. अशा ठिकाणीं जाऊन, जुनीं नाणीं न घासतां कशीं राखतात तें मुलांस दाखविणें, हें उन्हाळ्याच्या सुटीचें एक चांगलें काम होईल.

शेवटीं या प्रश्नाची घरगुती बाजू. पेटींतले रुपये क्वचितच एकट्याचे असतात. कोणाच्या मुंजींतील भिक्षावळीचे, कोणाच्या सुनमुखाचे, कोणाच्या भाऊबिजेच्या ओवाळणीचे, असे ते जमलेले असतात. वाटणीची वेळ आली, कीं ज्याच्या हातीं घासलेले रुपये येतात व ज्याच्या हातीं न घासलेले येतात, त्या दोन भावांच्या वांट्यांत फरक पडतो. आणि घासणारी वहिनी तर केवळ घराच्या शोभेसाठींच झटत असते. म्हणून कोणताही रुपया धुण्यापूर्वीं किंवा पाठविण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांस विचारावें, आणि कोणता कोणाकडून आला ही त्यांची आठवण वहींत लिहून घ्यावी. पारखणारा नाण्यास आंकडा देईल. पण हा रुपया कोणाच्या ओटींत पडला होता, हें त्याच्या चिठीवर येणार नाहीं. तें सांगणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच लिहून ठेवलें पाहिजे.

पूजेचा प्रश्नही अवघड नाहीं. पांच-सात झिजलेले, नेहमीं सांपडणारे रुपये लक्ष्मीपूजनासाठीं वेगळे काढावे. त्यांस चिंच लागूं द्या, हळद-कुंकू लागूं द्या. ते देवाचे झाले. बाकीचे पाकिटांतच राहूं द्यावे व पाटावर पाकिटासह मांडावे. यंदा पेटी उघडाल तेव्हां चिंच भिजत घालण्यापूर्वीं भिंग घेऊन बसा, रुपये या दोन गटांत वेगळे करा, आणि मऊ हिरवा डाग असलेला एखादा आढळला तर त्याच दिवशीं त्या पाकिटांतून बाहेर काढा. एवढें केलें तरी या वर्षापुरतें काम झालें.